ट्रेसरबाईची गौर

आषाढ लागला की आमच्या कोपरीच्या घरात जेवायला टेबल उरत नाही. टेबलावर गौरी असतात. म्हणजे गौरींचे मुखवटे. कुणाच्या नाकाचा शेंडा उडालेला, कुणाची भुवई झडलेली, कुणाला उंदराने कानापाशी कुरतडलेलं. लोक त्यांना वर्षभर डब्यात घालून माळ्यावर ठेवतात आणि गणपती जवळ आले की त्यांना आठवतं, अरे, गेल्या वर्षी टिकली काढताना हिच्या कपाळाचा रंग निघाला होता. मग कुणीतरी सांगतं, ठाण्याला पूर्वेला एक आजी आहेत, जशीच्या तशी करून देतात. ती आजी मी.

आमचे हे ताट मांडीवर घेऊन सोफ्यावर जेवतात. म्हणतात, "एवढ्या बायका टक लावून बघत असल्या की घास उतरत नाही."

मी म्हणते, "एकच बघत होती तेव्हा कुठे कमी जेवलात?"

नातीने मला मोबाइलवर एक पान काढून दिलंय. त्यात माझ्या नावाखाली 'आर्टिस्ट' असं लिहिलंय. लिहिलं तेव्हा मनात म्हटलं, बाळा, अजून नाही. हात माझा होता, रंग माझे होते, पण आर्टिस्ट मी नव्हते. मी तीच होते जी विशीत होते. आणि विशीत मी काय होते ते ऐकण्यासारखं आहे.

कोलशेतला एका कारखान्यात मी ट्रेसर होते. हे काम आता उरलेलं नाही, म्हणून सांगावं लागतं. इंजिनिअर साहेब पेन्सिलीने पंपाचं नाहीतर व्हॉल्व्हचं ड्रॉइंग काढायचे. त्यावर आम्ही मुली ट्रेसिंग पेपर पसरायचो, चारी कोपरे चिकटपट्टीने बसवायचो आणि शाईच्या पेनने त्याच रेघा वरून गिरवायचो. आपल्या डोक्यातलं एक टिंबसुद्धा घालायचं नाही. साहेबांचं वर्तुळ चपटं दिसलं तर गोल करायचं नाही, उठून विचारून यायचं. चुकलं तर दाढीच्या ब्लेडने शाई खरवडायची, ती इतक्या हलक्या हाताने की कागदाला कळू नये. काम हातात घेतलं की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "ओरिजिनल कुठाय?" ओरिजिनल मिळाल्याशिवाय ट्रेसर पेनाचं टोपण काढत नाही.

ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात चौकटी असायच्या. कोणी काढलं, कोणी तपासलं, कोणी मंजूर केलं. आणि सगळ्यात खाली, सगळ्यात बारीक चौकट, कोणी ट्रेस केलं. त्यात माझी दोन आद्याक्षरं. मला प्रामाणिकपणे वाटायचं की ही दोन अक्षरं नसती तर देशात कुठल्याही मजल्यावर पाणी चढलं नसतं.

तर ही बया. डोळ्यांवर गॉगल, खांद्याला ड्रॉइंगची लांबलचक नळी. कल्याणला घरी जातानाही ती नळी बरोबर असायची, का तर लोकांनी बघावं. नळीत बहुतेक वेळा काहीच नसायचं. एकदा आईने येताना शेवग्याच्या शेंगा आणायला सांगितल्या, तेव्हा मात्र बरोब्बर मावल्या.

खरं तर मला मुंबईला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. वडील म्हणाले, "ट्रेसिंगचा कोर्स कर, तेही चित्रच." मी इतक्या झटकन हो म्हटलं की बंड करायची माझी संधी त्या एका 'बरं'मध्ये कायमची गेली. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला समजावत राहिले, तेही चित्रच.

मला बघायला आले तेव्हा मुलाच्या काकांनी विचारलं, "मुलगी काय करते?"

मी मान थोडी तिरकी करून म्हटलं, "मशिनरी डिझाइन करते."

आई पोहे घेऊन येत होती. तिने बशा ठेवता ठेवता सांगितलं, "गिरवते हो. फार सुबक गिरवते."

मुलगा मोठ्याने हसला. मी आईशी पुढे कितीतरी दिवस बोलले नाही. हे अजून सांगतात की लग्न त्यांनी त्या वाक्यावर ठरवलं, माझ्या तिरक्या मानेवर नाही.

लग्न होऊन मी कोपरीत आले आणि पहिल्याच भाद्रपदात माझी फजिती झाली. माझं माहेर कल्याणला, पण माणसं मूळची नगरकडची. आमच्याकडे उभ्या दोन गौरी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, साड्या नेसवलेल्या, दागिने घातलेल्या, डोळे, नाक, ओठ, सगळं. सासर कोकणातलं. सासूबाई मला बरोबर घेऊन विहिरीवर गेल्या, तोंडातून शब्द न काढता खडे उचलले, घरी येऊन तांदळावर ठेवले आणि हळदकुंकू वाहिलं. मी वाट बघत उभी.

"आणि मुखवटे?" मी विचारलं.

"आमच्यात खड्यांच्या गौरी असतात गं," सासूबाई म्हणाल्या.

मी न्हाणीघरात जाऊन रडले. मला वाटलं, झालं, आपलं लग्न दगडांशी लागलं. हे मी नंतर यांना सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "अगदीच काही चुकलं नव्हतं तुझं."

आता त्या खड्यांचा मला लळा आहे. पण तेव्हापासून एक झालं. सासरच्या गौरीला चेहरा नव्हता, म्हणून माहेरच्या गौरीचा चेहरा माझ्या मनात मोठा होत गेला. तीन दिवसांतला एक दिवस मला माहेरी जायला मिळायचा. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. घराची रचना अशी की बाहेरच्या खोलीत मधल्या भिंतीशी गौरी. त्यांच्या डाव्या हाताला घराचं दार, उजव्या हाताला स्वयंपाकघर. मी दारातून आत पाऊल टाकलं की थोरली, ज्येष्ठा, माझ्याकडे बघायची. सरळ नाही, जरा कडेने. आम्ही लहानपणीही म्हणायचो, गौर दाराकडे बघते. आई म्हणायची, "तिला कळतं कोण यायचंय ते." धाकटी नुसती समोर बघायची. धाकटीकडे कुणाचं फार लक्ष नसतं. मी घरातली धाकटी, म्हणून मला माहीत.

मग आई गेली. कारखान्यात कॉम्प्युटर आले आणि बोर्ड, पेनं, ट्रेसिंग पेपरचे रोल भंगारात निघाले. मी एक रोल घरी आणला, बाकीच्या मुली साड्या जपतात तसा जपला. मीही माउस धरायला शिकले आणि रिटायर होईपर्यंत तो हलवत बसले. कारखानाही पुढे गेला. तिथे आता उंच इमारती आहेत. आमच्या ड्रॉइंग ऑफिसच्या जागी पोहण्याचा तलाव आहे असं ऐकते.

रिटायर झाल्यावर मी डोंबिवलीला एका चित्रकलेच्या क्लासला जायला लागले. शिकवणारा तिशीतला होता. त्याने आंब्याचं झाड काढायला सांगितलं. मी काढलं. तो बराच वेळ बघत राहिला.

"मावशी, तुम्ही आधी कुठे होतात?"

"ड्रॉइंग ऑफिसात."

"तरीच. झाडाला नट-बोल्ट तेवढे राहिलेत."

क्लास मी सोडला. रागाने नाही, त्याचं बरोबर होतं म्हणून. झाडासमोर मी बसायचे आणि माझा हात विचारायचा, ओरिजिनल कुठाय? झाड समोर होतं, तरी ते ओरिजिनल वाटायचं नाही. रेघ कुठे सुरू करायची ते ते सांगायचं नाही.

मग शेजारणीने तिच्या गौरीचा मुखवटा आणला. भुवई उडाली होती. दुसरी शाबूत होती. ही माझ्या हातातली गोष्ट. शाबूत भुवईवर ट्रेसिंग पेपर ठेवला, गिरवली, कागद उलटा केला, दुसरीकडे उतरवली. शेजारीण खूश. तिने तिच्या बहिणीला सांगितलं, बहिणीने नणंदेला, आणि बघता बघता टेबल भरलं.

एकदा विठ्ठलवाडीहून एक बाई आल्या. त्यांच्या गौरीचा अख्खा चेहरा नव्याने रंगवायचा होता. मी माझी हुशारी लढवली. एक डोळा मन लावून काढला आणि कागद उलटा करून तसाच्या तसा दुसरा. मिलिमीटरचा फरक नाही. गौरी झाल्यावर बाई पुन्हा आल्या.

"काम सुरेख आहे हो आजी. कुठे नाव ठेवायला जागा नाही."

"मग?"

"पण ती आमच्याकडे बघतच नाही. तीन दिवस आधार कार्डाचा फोटो काढायला बसल्यासारखी बसली होती."

तेव्हापासून मी नियम केला, जुना फोटो आणा. फोटोत जशी आहे तशी करून देईन, एक डोळा बारीक असेल तर बारीक, हनुवटी वाकडी असेल तर वाकडी. लोकांना हेच हवं असतं. आजेसासूच्या वेळची गौर तशीच दिसायला हवी असते. माझं नाव झालं. फोन आला की मी आधी विचारायचे, फोटो आहे का? नसेल तर सरळ नाही म्हणायचे. यांनी एकदा वर्तमानपत्रातून डोकं वर काढून विचारलं, "रिटायर झालीस ना गं तू? मग ट्रेसिंग कसलं चालू आहे?"

मी म्हटलं, "तेही चित्रच."

पण ते लागलं. लागायला हवं होतं तिथेच लागलं.

गेल्या वर्षी श्रावणात वहिनी आल्या. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन काही वर्षं झाली, मुलगा बंगळुरूला, वहिनी कल्याणच्या घरात एकट्या. हातात पिशवी, पिशवीत पितळी डबा. मी डबा ओळखला. लाडवांचा होता, मग त्यात गौरी राहायला गेल्या.

"बिल्डिंग पाडायची ठरलीय वन्सं," वहिनी बसायच्या आधीच म्हणाल्या. "दिवाळीनंतर खाली करून द्यायचंय. नवीन होईल तेव्हा होईल, आपण कुठे बघायला आहोत. यंदा त्या घरातल्या शेवटच्या गौरी. म्हटलं, तुमच्या हातचा रंग लावून बसवू."

मी डबा उघडला. आतून दोन गुलाबी चेहऱ्यांनी माझ्याकडे बघितलं.

हा गुलाबी रंग दादाचा. बऱ्याच वर्षांपूर्वी खिडक्यांचे ग्रिल रंगवायला माणूस आला होता. दादाला वाटलं, हाताशी माणूस आहे, डब्यात रंग उरलाय, गौरीही जरा स्वच्छ होतील. त्या माणसाने चेहरे बेडरूमच्या भिंतीसारखे गुलाबी केले आणि डोळे काळ्या ऑइलपेंटने दोन फराट्यांत उरकले. त्या वर्षी मी दारातून आत गेले आणि थबकले. दादा हौसेने म्हणाला, "कशा लख्ख दिसतात की नाही?" मी हो म्हटलं. तो इतका खूश होता. पण त्यानंतर ज्येष्ठेने माझ्याकडे बघितलं नाही, मी कितीही कडेने आत शिरले तरी.

"जुन्यासारखी करायची," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या दादांच्या रंगाआधीची. तुम्हाला आठवते ना?"

"फोटो आहे?"

वहिनींनी अल्बम आणला होता. आमच्या दादाला फोटोंचा फार नाद. दरवर्षी गौरींचे फोटो काढलेले. फराळाच्या ताटांचे, मखराचे, फुलोऱ्याचे, साडीच्या काठांचे. पण कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा उजेड नेमका गौरीच्या तोंडावर पडलेला. प्रत्येक फोटोत नथीच्या वर आणि बिंदीच्या खाली नुसता पांढरा झोत. जणू गळ्यात ठुशी घालून ट्यूबलाइट उभी आहे.

"एकातही नाही?" मी विचारलं.

"एका फोटोत नाक दिसतंय बघा."

नाक होतं. नाक मला काय करायचंय?

वहिनी गेल्यावर मी डबा बंद करून ठेवला. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर त्याच दिवशी नाही म्हटलं असतं. हा डबा परत कसा करू? ज्या चेहऱ्यासाठी मी न्हाणीघरात रडले होते तो मला पुन्हा एकदा त्या भिंतीशी बघायचा होता, आणि भिंत दिवाळीनंतर जाणार होती.

मग मला ब्लेड आठवलं. गुलाबी रंगाखाली जुनी गौर असणारच. ओरिजिनल खाली आहे, वर फक्त चुकीची शाई सांडलीय, हलक्या हाताने खरवडली की झालं. सकाळी खिडकीत बसले आणि ज्येष्ठेच्या डाव्या डोळ्याच्या कडेला ब्लेड लावलं. ऑइलपेंट जाड, साल निघावी तसा निघाला. नखाएवढा पापुद्रा माझ्या बोटावर आला. मी तो उलटा केला.

पापुद्र्याच्या मागच्या बाजूला डोळा होता. जुना रंग गुलाबीला चिकटून वर आला होता. उलटा डोळा, ट्रेसिंग पेपर पाठीमागून बघावा तसा. पापणीचा शेवट किंचित खाली ओघळलेला, आणि बुबुळाची कड. ते कुठे बघतंय हे कळावं म्हणून पापुद्रा उजेडाकडे धरायला गेले, तेवढ्यात बोटावर त्याचा चुरा झाला.

मुखवट्यावर खाली नुसती पांढरी माती. मी दुसऱ्या बाजूनेही हलकेच बघितलं. सगळीकडे तेच. जुना रंग मातीला सोडून गुलाबीला धरून बसला होता. ओरिजिनल होतं, पण ते हातात घेता येत नव्हतं.

हे चहा घेऊन आले, माझ्या बोटाकडे बघितलं आणि काही न बोलता कप ठेवून गेले. पन्नास वर्षं संसार केला की नवऱ्याला एवढी अक्कल येते.

मी वहिनींना फोन केला. "ज्येष्ठा दाराकडे कशी बघायची ते जरा आठवून सांगा."

"दाराकडे?" वहिनी म्हणाल्या. "दाराकडे कुठे, स्वयंपाकघराकडे बघायची."

"अहो, दाराकडे वहिनी. आम्ही लहानपणापासून म्हणायचो."

"तुम्ही काय, सकाळी यायचात, जेवून, ओटी घेऊन जायचात. मी आत सोळा भाज्या करत असायचे. मान वर केली की ती माझ्याकडे बघत असायची. मला तेवढाच आधार. सासूबाईंनासुद्धा मी एकदा म्हटलं होतं."

"आई काय म्हणाली?"

"म्हणाल्या, तिला कळतं कोण दमलंय ते."

मी फोन ठेवला. दार डावीकडे, स्वयंपाकघर उजवीकडे. एक बाई म्हणते इकडे, एक म्हणते तिकडे, आणि आई दोघींनाही हो म्हणून गेलेली. मला हसू आलं. आईला विचारावं असं इतक्या वर्षांत इतकं वाटलं नव्हतं.

पुढचे दिवस मी त्या पांढऱ्या चेहऱ्यासमोर बसून काढले. धाकटी रंगवून झाली, तिचं काही अडलं नाही. बाकीच्या लोकांच्या गौरी झाल्या, लोक येऊन त्या घेऊन गेले. टेबल मोकळं होत गेलं आणि शेवटी ज्येष्ठा एकटी उरली, गाल रंगवलेले, ओठ रंगवलेले, डोळ्यांच्या जागी कोरी. हे म्हणाले, "आता निदान बघत नाही, मी टेबलावर जेवू का?" आणि जेवले.

मी आईचं तोंड आठवायला बसले. ते आठवेना. खरंच सांगते, आईचा फोटो भिंतीवर आहे, तोच डोळ्यांसमोर यायचा, आणि फोटोतली आई म्हणजे आधार कार्डावरची गौर. मग मी तोंड आठवायचं सोडून दिलं आणि माहेरून निघताना काय व्हायचं ते आठवत बसले. संध्याकाळ झालेली. मी दारात, एका हातात ओटीची पिशवी, चपलेत पाय घालतेय. आई कधी दारापर्यंत यायची नाही. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहायची, कारण त्याच वेळेला गॅसवर संध्याकाळचं दूध असायचं. म्हणायची, "जपून जा. पोचलीस की शेजारी फोन कर." आणि बोलताना तिची नजर माझ्यावरून दुधावर जायची, दुधावरून माझ्यावर. मला तेव्हा राग यायचा. गॉगलवाल्या बयेला वाटायचं, लेक निघालीय आणि हिला दुधाची पडलीय.

दूध कधीच उतू गेलं नाही. आणि मी जिन्याच्या वळणावरून मागे बघितलं की आई तेव्हाही बघत असायची.

मी ब्रश उचलला. ट्रेसिंग पेपर घेतला नाही. डावा डोळा आधी काढला, मग उजवा, दोन्ही वेगवेगळे, सुटे, एकमेकांना न विचारता. मग बुबुळं ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा माझी रेघ हलली आणि मी ती खरवडली नाही.

हे येऊन बघून गेले. "जरा तिरळी झालीय का गं?"

"तिरळी नाही," मी म्हटलं, "कामात आहे."

दुधाचं मी कुणालाही सांगितलं नाही. यांना नाही, वहिनींना तर नाहीच. गौर ओळखू यायची असेल तर न सांगता यायला हवी.

आवाहनाच्या दिवशी मी कल्याणला गेले. घरात खोकी लागली होती. कपाटं गेलेली, भिंतींवर कपाटांच्या आकाराचे उजळ चौकोन. पण वहिनींनी दारापासून भिंतीपर्यंत कुंकवाची पावलं काढली होती, ती दरवर्षीसारखीच, डाव्या पावलाचा अंगठा जरा जाड. त्यांनी माझ्या पायांवर दूधपाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. गौरीचं तोंड खणाने झाकलेलं होतं. आत पाऊल टाकल्यावर मी खण काढला.

वहिनींनी बघितलं. चेहऱ्यावर काही नाही.

"ही ती नाही," त्या म्हणाल्या.

"नाही," मी म्हटलं. "ती मिळाली नाही."

"मग ही कोण?"

"माहीत नाही."

वहिनी वाटेतून बाजूला झाल्या. "बरं. आलीय तर येऊ दे आत."

आमच्यात गौरीला आधी सगळं घर दाखवतात. मी चेहरा धरून पुढे, वहिनी मागे. पहिल्या खोलीपाशी त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "इथे काय आहे?"

रीतीप्रमाणे मी म्हणायचं, धन आहे, धान्य आहे, उदंड आहे. माझ्या तोंडून निघालं, "इथे दादाचा पलंग होता."

वहिनींनी पुन्हा विचारलं, पुढच्या भिंतीपाशी. "इथे काय आहे?"

"खोकी आहेत. उदंड आहेत."

त्या हसल्या. मग मीही. दोन म्हाताऱ्या रिकाम्या घरातून एक चेहरा घेऊन हसत चालल्या होत्या. स्वयंपाकघरात गॅसवर खिरीचं दूध ठेवलेलं होतं. "इथे काय आहे?" त्यांनी विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न बघता आच कमी केली.

गौरी उभ्या केल्या. साड्या नेसवल्या, दागिने घातले. मी मागे सरून दारापाशी उभी राहिले, नेहमीच्या जागी. वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पदराला हात पुसत उभ्या होत्या. मी पुढे होऊन हार सारखा करायला लागले, कुंकू जरा वाकडं झालं होतं ते पुसायला वाकले, आणि तिथेच रेंगाळले.

"वन्सं," मागून आवाज आला. "जरा बाजूला व्हा."

"का?"

"मध्ये येताय तिच्या. तिला दूध दिसत नाहीये."

मी वळून बघितलं. वहिनी माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या गौरीकडे बघत होत्या, आणि बघता बघता त्यांनी तोंडाला पदर लावला. आपण काय बोलून गेलो ते त्यांना आत्ता ऐकू आलं होतं.

मी बाजूला झाले. मग दूध वर आलं आणि वहिनी धावल्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुखवटे उतरवून मऊ धोतरात गुंडाळले. डबा वहिनींनी माझ्याकडेच दिला. भाड्याच्या घरात कुठे ठेवणार, आणि बंगळुरूच्या सुनेकडे माळा नाही. झाकण लावायच्या आधी त्या म्हणाल्या, "तुमचा तो पातळ कागद आणून एकदा गिरवून घ्या हिला. नाहीतर पुन्हा रंग गेला की मलाच विचाराल, ओरिजिनल कुठाय."

"नको," मी म्हटलं. "गेला तर परत काढीन."

"तशीच येईल?"

"नाही यायची."

वहिनींनी झाकण लावलं.

बिल्डिंग आता नाही. मी मुद्दाम त्या रस्त्याने गेले नाही, पण भाचा बिल्डरकडून आलेले फोटो पाठवतो. हिरव्या कापडामागे खड्डा आहे. दार, जिना, उंबरा, सगळी हवा. डबा माझ्याकडे माळ्यावर आहे, आमच्या खड्यांच्या गौरींच्या सामानाशेजारी. माहेरची गौर सासरी बसवत नाहीत, म्हणून यंदा तो उघडायचा नाही. वहिनींच्या नवीन घराला भिंत मिळेपर्यंत ती तिथेच राहणार.

संध्याकाळी मी दूध तापायला ठेवते आणि गॅसपाशीच उभी राहते. हे बाहेरून ओरडतात, "अगं, किती वेळ?" मी म्हणते, येते. पण दूध वर येईपर्यंत हलत नाही. एक डोळा पातेल्यावर असतो. दुसरा उगाचच दाराकडे जातो. तिथून कुणी निघालेलं नसतं, कुणी आलेलंही नसतं.

यंदा नगरहून एका बाईंचा फोन आला. गौरीचा रंग पुरता गेलाय, फोटो नाही, सासूबाईही नाहीत, करता का?

मी म्हटलं, "घेऊन या. आणि सासूबाई संध्याकाळी कुठे उभ्या राहायच्या, तेवढं आठवून ठेवा."